घोडामैदान जवळच आहे! आपल्या घोड्याची बढाई मारण्याचे जगभरातले रीतिरिवाज

ज्याच्या दारात घोडा बांधलेला आहे, त्याला गप्प बसवणं महाकठीण. शेतीवाडी, बंगला, गाडी यांबद्दल माणूस एक वेळ हातचं राखून बोलेल; पण घोड्याचा विषय निघाला की जीभ चौखूर उधळते. आणि का उधळू नये? घोडा पाळायचा म्हणजे पहाटे उठून लीद काढायची, खरारा करायचा, चंदी-वैरण वेळच्या वेळी द्यायची, नालबंदाची वाट बघायची आणि पोटशूळ उठला तर रात्रभर त्याला फिरवत राहायचं. एवढं करणाऱ्याला चारचौघांत दोन शब्द मोठ्यानं बोलायचा हक्कच आहे.

फक्त बोलायची रीत पाहिजे. माणसानं घोडा माणसाळवला तेव्हापासून तो घोड्याच्या गप्पा हाणत आला आहे आणि त्या गप्पांचे अलिखित कायदेही तयार झाले आहेत. तापीकाठच्या बाजारापासून मंगोलियाच्या माळापर्यंत सगळीकडे त्यांचं सार एकच निघतं: बढाई अशी असावी की ऐकणाऱ्याला ती तपासून बघता यावी, आणि तिचा मान घोड्याला मिळावा. आता घ्या रिकिबीत पाय!

१. बढाई तोंडात, पुरावाही तोंडात

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेडा आहे. दत्तजयंतीला तिथल्या एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत देशातला एक नामांकित घोडेबाजार. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, पंजाब... कुठकुठून जनावरं येतात. बढाईचं व्याकरण शिकायचं तर याच्यासारखी शाळा नाही.

बघा कसं चालतं. मालक सांगतो, ‘चार वर्षांचा आहे.’ गिऱ्हाईक मान डोलावतं आणि एका हातानं लगाम धरून दुसऱ्या हातानं घोड्याचा ओठ वर करतं. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडीजोडीनं पडतात आणि पाचव्या वर्षी तोंड भरतं. म्हणजे वयाची थाप ओठाआडच उघडी पडते. मग गुडघ्यापासून खुरापर्यंत पाय चाचपले जातात, खूर उचलून नाल बघितली जाते, घोडा सरळ रेषेत चालवून मागून पाय कसे पडतात ते पाहिलं जातं आणि शेवटी रपेट. ‘रेवाल चालतो’ म्हटलं असेल तर स्वाराच्या हातात भरलेला पेला देऊनही लोक खात्री करतात. चाल खरी असेल तर पाणी सांडत नाही.

इथला मालकही काही कमी जाणकार नसतो. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असेल तर तो ‘पंचकल्याणी’ म्हणून थाटात सांगतो. मारवाडी किंवा काठियावाडी असेल तर वर जाऊन एकमेकांना टेकणारी कानांची टोकं दाखवतो. गळ्यावरचा ‘देवमण’ भोवरा तर बोट ठेवूनच दाखवला जातो. एवढी सगळी तारीफ खुल्या आवाजात. भावाची गोष्ट मात्र वेगळी. जनावरांच्या बाजारातली जुनी रीत अशी की रुमालाखाली हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. घोड्याचे गुण सगळ्या गावानं ऐकावेत, पैसे दोघांतच राहावेत. याहून सुंदर शिष्टाचार दुसरा सापडणं कठीण.

२. सात रथ आणि एक जहाल भाषण

घोड्यांच्या जोरावर निवडणुकीसारखा प्रचार करणारा एक नामांकित पुढारी म्हणजे अथेन्सचा अल्सिबियाडिस. इ.स.पू. ४१६ च्या ऑलिंपिकमध्ये त्यानं रथांच्या शर्यतीत एकट्यानं सात रथ उतरवले आणि पहिला, दुसरा व चौथा क्रमांक पटकावला. पुढच्या वर्षी सिसिलीवर स्वारी करावी की नाही याचा वाद अथेन्सच्या सभेत रंगला, तेव्हा पठ्ठ्यानं उभं राहून हेच सात रथ पुढे केले. माझ्या घोड्यांनी अथेन्सची शान वाढवली, तेव्हा सेनापतिपदावर हक्क माझा, असा त्याचा युक्तिवाद. इतिहासकार थ्युसिडिडिसनं तो नोंदवून ठेवला आहे.

सभा भाळली, मोहीम निघाली आणि इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीत अथेन्सच्या आरमाराचा पुरता विध्वंस झाला. भरीस भर म्हणजे त्या रथांपैकी एकाचे घोडे मुळात आपले होते आणि अल्सिबियाडिसनं ते लाटले, असा दावा दुसऱ्या एका अथेन्सवासीयानं ठोकला. तो खटला अल्सिबियाडिसच्या मुलापर्यंत पोचला. मुलाच्या बचावासाठी आयसोक्रटिसनं लिहिलेलं भाषण आजही वाचायला मिळतं.

इथून दोन गोष्टी पदरात पडतात. घोडा पळाला म्हणून मालकाला राज्यकारभार कळतो असं होत नाही. आणि ज्या घोड्याच्या मालकीवरच बोट ठेवलं जाऊ शकतं, त्याच्याबद्दल तोंड उघडण्याआधी व्यवहार चोख करून घ्यावा.

३. मुकुट मालकाला, नाव घोड्याला

त्या काळच्या ऑलिंपिकमध्ये घोड्यांच्या शर्यतीतला विजयाचा मुकुट स्वाराला किंवा सारथ्याला मिळत नसे, मालकाला मिळे. मालक मैदानात हजर नसला तरी चाले. याचा फायदा घेतला स्पार्टाच्या किनिस्का नावाच्या राजकन्येनं. स्त्रियांना त्या स्पर्धांत उतरायला बंदी होती. पण तिच्या पदरचे घोडे तर उतरू शकत होते! इ.स.पू. ३९६ आणि ३९२ अशा दोन्ही वेळा तिचा चौघोडी रथ पहिला आला. हा मुकुट मिळवणारी सगळ्या ग्रीसमधली मी एकटी स्त्री, अशा अर्थाचा लेख तिनं ऑलिंपियात कोरून घेतला. ही बढाई शंभर नंबरी खरी होती, म्हणूनच ती आजही वाचताना छाती फुगते.

सिराक्यूजचा राजा हिएरॉन याच्या फेरेनिकॉस या घोड्यानं इ.स.पू. ४७६ मध्ये शर्यत मारली, तेव्हा कवी पिंडरनं त्यावर काव्य रचलं. त्या काव्यात घोडा नावानिशी आहे. पाठीवर बसून त्याला पळवणाऱ्या पोराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. ही उणीव आजच्या घोडेवाल्यांनी भरून काढावी. घोड्याचा फोटो दाखवाल तेव्हा स्वाराचं आणि मोतद्दाराचं नाव पहिल्या वाक्यात यायलाच हवं.

४. शेवटी आलेल्या शिंगराचंही गाणं

कौतुकाची सगळ्यात देखणी रीत मंगोलियात आहे. तिथल्या नादाम उत्सवात कुस्ती, तिरंदाजी आणि घोड्यांच्या शर्यती होतात. २०१० मध्ये युनेस्कोनं त्याला वारसा म्हणून मान दिला. शर्यती आखीव मैदानात नसतात, उघड्या माळावर असतात आणि घोड्याच्या वयानुसार अंतर ठरतं. दोन वर्षांच्या शिंगरांची शर्यतसुद्धा दहा-बारा किलोमीटरच्या आसपास जाते, मोठ्यांची पंचवीसच्या पुढे. स्वार असतात लहान मुलं.

शर्यत संपली की मालकानं स्वतः फुशारकी मारायची नाही. त्यासाठी खास पुकारा करणारा असतो. तो खणखणीत आवाजात घोड्याची बिरुदं गातो: रंग कसा, वाढला कुठे, पळाला कसा, शिकवला कुणी. पहिल्या पाच घोड्यांवर आंबवलेलं घोडीचं दूध शिंपडतात. जिंकलेल्या घोड्याचा घाम अंगाला लागला तर भाग्य उजळतं अशी श्रद्धा, म्हणून लोक हात लावायला धावतात.

पण खरी गंमत पुढे आहे. दोन वर्षांच्या शिंगरांत जो सगळ्यात शेवटी येतो, त्यालाही समोर आणतात आणि त्याच्यासाठीही गाणं म्हणतात. त्यात शिंगराला बोल लावत नाहीत. वाट अवघड होती, अनुभव नव्हता, पुढच्या वर्षी हाच पहिला येईल, असं त्याला सांगतात. ज्या समाजात मूल चालायच्या आधी खोगिरावर बसतं, त्या समाजाला ठाऊक आहे की आज मागे पडलेलं शिंगरू उद्याचा वारू असू शकतं. दुसऱ्याच्या घोड्याला नावं ठेवायची हुक्की आली तर हे गाणं आठवावं.

५. शेपटीच्या रंगावरून दास्यत्व

आपल्याकडची घोड्यावरची सगळ्यात महागडी पैज महाभारताच्या आदिपर्वात आहे. समुद्रमंथनातून निघालेला उच्चैःश्रवा शुभ्र पांढरा. त्याची शेपटी पांढरी की काळी, यावरून कद्रू आणि विनता या सवतींची पैज लागली: हरेल तिनं दुसरीची दासी व्हायचं. विनता म्हणाली पांढरी, आणि तेच खरं होतं. पण कद्रूनं आपल्या सर्पपुत्रांना त्या शेपटीला चिकटून बसायला लावलं. शेपटी लांबून काळी दिसली, विनता दासी झाली आणि तिला सोडवायला गरुडाला थेट अमृत आणावं लागलं. घोड्याबद्दल बोलताना लांबून बघून छातीठोक विधान करू नये, याला एवढा जुना आधार आहे.

वनपर्वातला नल याच्या अगदी उलट वागतो. बाहुक नावानं ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहिलेल्या नलानं प्रवासासाठी निवडलेले घोडे दिसायला किडकिडीत. राजा वैतागला. नलानं एक शब्दही फुगवून सांगितला नाही. सिंधू प्रदेशातल्या त्या घोड्यांच्या अंगावरचे दहा शुभ भोवरे दाखवले आणि रथ हाकला. वाटेत राजाचं उपरणं उडालं. ‘थांब, ते घेऊ,’ असं राजा म्हणेपर्यंत उपरणं एक योजन मागे राहिलं होतं. घोडामैदान जवळच होतं आणि मैदानानं उत्तर दिलं.

६. ‘बाकीचे गणतीतच नाहीत!’

३ मे १७६९, इंग्लंडमधलं एप्सम. एक्लिप्स नावाचा घोडा पहिल्यांदाच शर्यतीत उतरला होता. पहिली फेरी त्यानं सहज मारली. तेव्हा डेनिस ओकेली नावाच्या आयरिश जुगाऱ्यानं पैज लावली की पुढच्या फेरीतल्या सगळ्या घोड्यांचे क्रमांक मी आधीच सांगतो. लोकांनी विचारलं, सांग. तो म्हणाला, एक्लिप्स पहिला, बाकीचे गणतीतच नाहीत.

ही नुसती शेखी नव्हती, तिला नियमाचा आधार होता. जिंकणाऱ्याच्या २४० यार्डांहून जास्त मागे राहिलेल्या घोड्याला त्या काळी क्रमांकच देत नसत. ओकेलीचं म्हणणं असं की दुसरा यायलासुद्धा कुणी शिल्लक राहणार नाही. झालंही तसंच. पुढे ओकेलीनं तो घोडा विकत घेतला. एक्लिप्स १८ शर्यती धावला आणि एकही हरला नाही. अखेर त्याच्याविरुद्ध पैसे लावायलाच कुणी मिळेना. आज जगभर धावणाऱ्या थरोब्रेड घोड्यांपैकी बहुतेकांची पितृपरंपरा त्याच्यापर्यंत जाऊन पोचते. बढाई शर्यतीच्या आधी मारावी आणि मारली तर स्वतःचे पैसे लावून मारावी, हा ओकेलीचा धडा.

७. कौतुकाचा उत्तम नमुना

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालना जिल्ह्यातल्या आसईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढताना इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या मांडीखाली एक घोडा मारला गेला आणि डायोमेड नावाच्या दुसऱ्याला भाला लागला. घोड्याच्या जिवावर आपला जीव कसा टांगलेला असतो, हे या माणसानं मराठवाड्याच्या मातीत अनुभवलं होतं. पुढे हाच वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणात दिवसभर कोपनहेगन नावाच्या घोड्यावर बसून त्यानं नेपोलियनला हरवलं. संध्याकाळी पायउतार होऊन त्यानं घोड्याला थोपटलं, तर कोपनहेगननं अशी लाथ झाडली की ड्यूक थोडक्यात बचावला.

या घोड्याबद्दल वेलिंग्टन काय म्हणाला, ते प्रत्येक घोडेवाल्यानं लिहून ठेवावं. याहून वेगवान घोडे असतील, याहून देखणे तर पुष्कळ असतील. पण दमाला आणि काटकपणाला याच्या तोडीचा मी पाहिला नाही, अशा आशयाचं त्याचं बोलणं. आधी दुसऱ्यांच्या घोड्यांना त्यांचं माप दिलं, मग आपल्या घोड्याचा एकच गुण निवडला आणि त्यावर ठामपणे शिक्का मारला. ‘माझा घोडा सगळ्यात भारी’ या वाक्यावर वाद होतो. ‘माझा घोडा दमाचा’ या वाक्यावर प्रश्न विचारले जातात, गप्पा रंगतात. १८३६ मध्ये कोपनहेगन गेला तेव्हा त्याला लष्करी इतमामानं पुरलं.

८. आजोबांचं नाव आणि अठ्ठावीस हजार गिनी

नाव ठेवणं हीसुद्धा बढाईच, आणि तिच्यातली सगळ्यात मायेची. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडात एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनींना घेतलं. एवढ्या वयाच्या शिंगराला तोवर इतकी किंमत मिळाली नव्हती. त्याचा सख्खा भाऊ दान्ते त्याच वर्षी डर्बी जिंकला होता. महाराजांनी शिंगराला आपल्या आजोबांचं नाव दिलं: सयाजीराव. केवढी जोखीम! घोडा हरला असता तर नाव कुणाचं निघालं असतं? पण १९४७ मध्ये त्यानं आयरिश डर्बी आणि इंग्लंडची सेंट लेजर या दोन्ही शर्यती मारल्या. १९४८ मध्ये गायकवाडांच्याच ‘माय बाबू’नं टू थाउजंड गिनीज जिंकली. मराठी घराण्याची नावं इंग्लंडच्या शर्यतींच्या इतिहासात पक्की बसली.

थरोब्रेडच्या नावात जागा आणि चिन्हं धरून अठरापेक्षा जास्त अक्षरं चालत नाहीत, त्यामुळे कौतुक थोडक्यात उरकावं लागतं. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध अश्वशाळेतल्या लिपिझानर घोड्यांची रीत आणखी छान. तिथे घोड्याला दोन नावं असतात, पहिलं बापाच्या वंशाचं आणि दुसरं आईचं. अरब टोळ्यांत तर घोड्याचं कुळ आईकडूनच मोजत. वळूच्या बिरुदांची यादी वाचताना घोडीला विसरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

९. चित्रात दाखवायचा तर असा

अठराव्या शतकात मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅम या इंग्लिश उमरावानं आपल्या व्हिसलजॅकेट या घोड्याचं चित्र जॉर्ज स्टब्जकडून काढून घेतलं. सुमारे १७६२ मधलं हे चित्र जवळजवळ तीन मीटर उंच आहे. स्वार नाही, खोगीर नाही, मागे डोंगर-झाडी नाही आणि मालकाचा तर मागमूसही नाही. रिकाम्या पार्श्वभूमीवर फक्त दोन पायांवर झेपावलेला घोडा. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याच्यासमोर आजही गर्दी असते.

पण घोडा पळताना पाय नेमके कुठे असतात, हे स्टब्जच्या पिढीला दिसलं नव्हतं. चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले दाखवत. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड यांना आपल्या घोड्यांची चाल तपासायची होती. त्यांच्यासाठी एडवर्ड मायब्रिजनं जून १८७८ मध्ये ओळीनं कॅमेरे लावून सॅली गार्डनर या घोडीची भरधाव दौड टिपली. दिसलं असं की चारही खूर जमिनीवरून सुटतात खरे, पण ते ताणलेले असताना नाही, पोटाखाली गोळा झालेले असताना! एका मालकाच्या हौसेनं शेकडो वर्षांच्या चित्रांतली चूक सुधारली आणि चलच्चित्राच्या शोधाला गती दिली.

१०. गणित जाणणारा हान्स

‘माझ्या घोड्याला सगळं कळतं’ असं प्रत्येक मालक म्हणतो. बर्लिनचे निवृत्त शिक्षक विल्हेल्म फॉन ओस्टेन यांनी ते सिद्ध करायला घेतलं. त्यांचा हान्स बेरीज-वजाबाकीची उत्तरं खूर आपटून द्यायचा. लोकांची झुंबड उडाली, तरी या खेळाचा त्यांनी एक पैसाही घेतला नाही. १९०४ मध्ये तज्ज्ञांची समिती बसली आणि लबाडी नाही असा निर्वाळा दिला. मग ऑस्कर फुंग्स्टनं बारकाईनं प्रयोग केले आणि १९०७ मध्ये उलगडा झाला: विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल किंवा तो हान्सला दिसत नसेल, तर हान्स चुकायचा. बरोबर आकडा आला की माणसाच्या चेहऱ्यावर, मानेत नकळत एक सूक्ष्म हालचाल होते. हान्स ती वाचून थांबायचा.

हान्सला गणित येत नव्हतं. त्याला माणूस वाचता येत होता, आणि ते जास्त थोर आहे. प्रयोगशाळांत उत्तर नकळत सुचवलं जाऊ नये म्हणून आज जी खबरदारी घेतात, तिच्यामागे हा घोडा आहे. आपल्या घोड्याचा खरा गुण ओळखला की खोटा चिकटवावा लागत नाही.

११. आकडा फुगवणाऱ्यांवर डाग

किती घोडे बाळगतो, हा आकडा फुगवायचा मोह सरदारांना फार. हजेरीच्या दिवशी उसनी तट्टं उभी करायची आणि पगार लाटायचा. म्हणून अलाउद्दीन खलजीनं घोड्यांना डाग द्यायची पद्धत बसवली आणि अकबरानं ती पुन्हा कडक केली; सोबत शिपायाच्या चेहऱ्याची नोंद. मराठी फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर, हा फरक सगळ्यांना ठाऊक असे. बारगिरानं पागेचा घोडा आपला म्हणून मिरवायचा नाही, ही शिस्त त्यातच आली.

विजयनगरच्या राजांना मात्र घोड्यांची इतकी निकड होती की व्यापारी सांगेल ते मानावं लागे. पोर्तुगीज घोडेव्यापारी फर्नांव नुनिझ लिहून गेला आहे की समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी राजा पूर्ण पैसे देई. पुढे १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला आणि होर्मुझहून येणाऱ्या अरबी घोड्यांच्या व्यापाराची किल्ली त्यांच्या हाती गेली.

१२. झटपट फैरी

• बुसेफलस हा घोडा १३ टॅलेंटना विकायला आला, पण कुणालाच आवरेना. तो स्वतःच्या सावलीला बुजतो हे पोरवयातल्या अलेक्झांडरनं हेरलं, त्याचं तोंड सूर्याकडे वळवलं आणि वर चढला, असं प्लुटार्क सांगतो. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमकाठच्या लढाईनंतर घोडा गेला, तेव्हा त्याच्या नावानं शहर वसवलं.

• रोमच्या कॅलिग्युलानं इन्सिटाटस या घोड्याला संगमरवरी तबेला आणि हस्तिदंती गव्हाण दिली. त्याला कॉन्सल करायचा बेत होता, असं स्यूटोनियस लिहितो.

• उंची खुरापासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत मोजतात. इंग्रजी मुलखात मोजमाप ‘हँड’मध्ये, एक हँड म्हणजे ४ इंच. त्यामुळे १५.२ म्हणजे साडेपंधरा हँड, अर्थात ६२ इंच. आपल्या बाजारात सरळ इंच सांगतात, ते बरं.

• सॅम्पसन हा १८४६ मध्ये जन्मलेला शायर जातीचा घोडा सुमारे २.१९ मीटर भरला. थंबेलिना ही चिमुकली घोडी ४४.५ सेंटिमीटर.

• इंग्लंडचा ‘ओल्ड बिली’ १७६० ते १८२२ असा ६२ वर्षं जगला. एरवी पंचवीस-तीस म्हणजे पुष्कळ झालं.

• अमेरिकेच्या सेक्रेटेरिएटनं १९७३ ची बेलमाँट शर्यत ३१ घोडे-लांबीनं, २ मिनिटं २४ सेकंदांत मारली. तो विक्रम अजून उभा आहे. त्याचं हृदय दहा किलोंचं होतं असं सांगतात. ते वजन अंदाजानं काढलेलं, वेळ घड्याळानं मोजलेली.

• १९३५ मध्ये तुर्कमेनी स्वार आपले अखल-टेके घोडे किती काटक आहेत हे दाखवायला अश्गाबातहून मॉस्कोला निघाले आणि ८४ दिवसांत पोचले.

• भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांचा उल्लेख आपल्या राज्यगीतात आहे. अंगानं आटोपशीर आणि चिवटपणात पक्की अशी ही जात आता देशाच्या अधिकृत यादीतही नोंदली गेली आहे. ज्याच्या दारात आज भीमथडी आहे, त्यानं खुशाल मिशीला पीळ द्यावा.

१३. ‘माशाल्ला’ आणि काळा दोरा

दुसऱ्याच्या घोड्याची स्तुती करायचीही रीत असते. अरब मुलखात नुसतं ‘काय घोडा आहे!’ म्हणून थांबणं बरं दिसत नाही. ‘माशाल्ला’ म्हणावं लागतं, म्हणजे कौतुकात हेवा नाही हे मालकाला कळतं. तुर्कस्तानात घोड्याच्या गळ्यात निळा मणी असतो, आपल्याकडे काळा दोरा. दृष्ट मानणं-न मानणं ज्याचं त्याचं. पण या रिवाजातला समजूतदारपणा घेण्यासारखा आहे. कौतुक करताना पाठोपाठ किंमत विचारू नये, आणि ‘आमच्याकडे याहून मोठा आहे’ हे तर मुळीच म्हणू नये.

१४. ज्याचं कौतुक कुणी स्वतःसाठी करत नाही

आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढे दोन घोडे चालतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ रिकामी. तो माउलींचा अश्व. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून हे अश्व येतात, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सेवा. गोल रिंगणात वारकरी कडं करून उभे राहतात, मधून दोन्ही घोडे वाऱ्यासारखे पळतात आणि माउलींचा अश्व पुढे निघाला की टाळ-मृदंगांत आभाळ दणाणतं. दौड संपली रे संपली की माणसं टापांखालची माती उचलून कपाळाला लावायला धावतात. मंगोलियात घाम, इथे माती, भाव तोच.

हा घोडा पुरवणारं घराणं त्याची किंमत सांगत नाही, उंची सांगत नाही. तो माउलींचा, एवढंच सांगतात आणि तेवढ्यावर लाखो माथी झुकतात.

जाता जाता: बढाईचे सहा कायदे

घोड्याचा एकच गुण निवडा आणि तो दाखवता येईल असाच निवडा. वय, उंची, वंश सांगाल ते मोजलेलं सांगा. खोड असेल तर तीही सांगा, कारण लाथाळ घोडा लपवणं म्हणजे समोरच्याची बरगडी पणाला लावणं. दुसऱ्याच्या घोड्याला आधी त्याचं माप द्या. मागे पडलेल्या शिंगरालाही एक चांगला शब्द ठेवा. आणि सहावा, सगळ्यात मोठा: घोड्याच्या अंगावरची चकाकी ज्याच्या हातांनी आली, त्या मोतद्दाराला फोटोत शेजारी उभं करा आणि त्याचं नाव घ्या.

हे सहा पाळलेत की मग हात आखडता घेऊ नका. आवाज चढू द्या, मिशीला पीळ बसू द्या. जिवापाड सांभाळलेल्या जनावराचं खरं कौतुक ऐकायला माणसं नेहमी थांबतात, आणि ऐकता ऐकता त्यांतलं एखादं पोर घोडा पाळायचं मनावर घेतं. घोड्यांची जात अशीच पुढे चालते.